उद्याचं नाक

अमृतरावांनी शिशी काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. कंधारहून आले की ते आधी पाणी मागायचे, मग इकडचं तिकडचं बोलायचे आणि शेवटी अत्तरावर यायचे. आज तसं झालं नाही. "जिलानीभाई, ह्यो मोगरा न्हाई," ते म्हणाले. "केवडा हाय ह्यो." आवाजात तक्रार नव्हती, उलट संकोच होता, जणू चूक त्यांचीच. साडूच्या मुलीच्या लग्नात ते कानात फाया घालून मांडवात बसले होते, आणि शेजारचा पाहुणा सारखी मान उंचावून इकडेतिकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, इथं बिर्याणी कुठं शिजायली म्हणून; केवडा बिर्याणीत पडतो ना. आख्खी रांग हसली. सांगताना अमृतराव पुन्हा हसले, आणि जिलानीही हसला. हसता हसताच त्यानं शिशीचं बूच काढलं, नाकाखाली धरलं, डोळे मिटले, नेहमी थांबायचा तेवढा थांबला आणि म्हणाला, "हाव, केवडाच की. शिश्या बदलल्या दिसतंय." पण नाकाखाली केवडा नव्हता. मोगराही नव्हता. नुसती हवा होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी, बंद पडलेल्या नळातून येते तशी. त्यानं फळीवरची दुसरी शिशी उचलली, फाया बुडवून पुढं केला आणि अमृतरावांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. तो चेहरा सैल झाला, भुवया वर गेल्या, तेव्हा कुठं जिलानीला कळलं की या शिशीत मोगरा आहे.

ते गेल्यावर तो गादीवर बसून राहिला. नांदेडच्या इतवाऱ्यातली गर्दी रोजच्यासारखी वाहत होती, रिक्षा, हातगाड्या, बुरख्यातल्या बायका, कॉलेजची पोरं, आणि हे सगळं त्याला काचेपलीकडचं वाटत होतं. दिवाळीच्या सुमाराला ताप आला होता, साधाच, अंग मोडून काढणारा. चार लोकांना येतो तसा आला, तसा गेला. जाताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस त्याला वाटलं, सर्दी आहे, नाक चोंदलंय. मग नाक मोकळं झालं आणि तरीही काही आलं नाही. डोळे गेलेला माणूस चाचपडतो, कान गेलेला माणूस मोठ्यानं बोलतो. नाक गेलेल्या माणसाला काहीच होत नाही. तो तसाच चालतो, हसतो, जेवतो. फक्त घर घरासारखं राहत नाही. पूर्वी सकाळी उठल्यावर त्याला वासावरून आधी कळायचं की आपण कुठं आहोत, मग डोळे उघडायचे. आता डोळे उघडून भिंत बघावी लागायची. बायकोनं, शहजादीनं, शिजवलेल्या सालनात मीठ आहे, तिखट आहे, एवढं जिभेला कळायचं, बाकी रबर. आणि आपल्या अंगाला कसला वास येतो हे आपल्यालाच कळत नाही, या भीतीनं तो दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागला होता. अत्तराच्या दुकानात बसणारा माणूस, आणि त्याला धास्ती की लोक आपल्यापासून लांब सरकतील.

हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? आजोबांनी हे दुकान टाकलं, वडिलांनी नाकावर वाढवलं. वडील त्याला फाया हुंगू द्यायचे आणि लगेच बोलू द्यायचे नाहीत. आधी गप बस, वास आत जाऊन बसू दे, मग बोल. लहानग्या जिलानीला तेवढं गप्प राहणं फार जड जायचं; तोंडात शब्द आलेला असायचा आणि वडिलांचं बोट ओठांवर असायचं. पुढं त्याला तेच गप्प राहणं आवडायला लागलं. गिऱ्हाईक बोलत असायचं, बाहेर हॉर्न वाजत असायचे, आणि आत कुठंतरी एक वास हळूहळू उलगडत असायचा, आधी वरचा पदर, मग खालचा, मग तळाशी काहीतरी लाकडासारखं. आता गप्प राहणं तेवढं उरलं होतं. शिश्यांच्या जागा पाठ केल्या होत्या, रंग पाठ होते, कुठलं तेल बोटावर किती चिकट लागतं तेही. यावर पाच-सहा महिने भागलं. मग शहजादीनं एक दिवस दुकानात येऊन फळी पुसली, आणि केवडा मोगऱ्याच्या जागी गेला.

दुपारी मुबश्शिराचा फोन आला. ती त्याची एकुलती एक, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली आणि आता लातूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवणारी. लहानपणी शेजारच्या जुबेरमियांच्या ऑफिसातल्या संगणकावर तिनं गुलाबाचं चित्र पाहिलं होतं आणि सरळ काचेला नाक लावलं होतं. काचेवर नाकाचा गोल ठसा उमटला. वास का येत नाही, तिनं विचारलं. जिलानी म्हणाला होता, बेटा, त्याला डोळा आहे, कान आहे, तोंड आहे, नाक तेवढं अल्लानं माणसाकडं ठेवलंय. हे बोलताना त्याला बरं वाटलं होतं. पुढं वर्षं गेली, आणि संगणकानं एकेक दुकान गिळताना त्यानं पाहिलं, फोटोवाले, टायपिंगवाले, तिकीटवाले. तेव्हाही त्याला आतून एक गुपचूप समाधान असायचं: आमचा धंदा नाकाचा, त्याला तो कधी शिवणार नाही. आणि आता मुबश्शिरा फोनवर उत्साहानं सांगत होती की तिच्या मशीनला वास यायला लागलाय. गोदामातल्या तुरीला आत बुरशी धरली की पोतं न उघडता ओळखणारी डबी तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी बनवली होती. आता कॉलेजात प्रदर्शन होतं, विषय होता उद्याचा संगणक, आणि तिला त्या डबीला अत्तरं शिकवायची होती. मशीनला फक्त आकडे कळतात, अब्बा, ती म्हणाली. कुठला वास काय असतो हे सांगायला माणूस लागतो. तुमचं नाक पाहिजे.

नाही म्हणायची किती कारणं असतात. दुकान, गुडघे, ऊन. जिलानी हो म्हणाला. फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडला आणि तरीही त्या चिडण्याच्या तळाशी त्याला काहीतरी हलल्यासारखं वाटलं. पोरीनं आपल्याला बोलावलं होतं. तिला कुठल्या प्रोफेसरचं नाही, आपलं नाक पाहिजे होतं, मग ते असो नसो. दोन दिवसांनी तो शिश्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन लातूरच्या गाडीत बसला. लोहा गेलं, माळरान आलं. खिडकीतून वारा तोंडावर येत होता, नुसता, कोरा. आणि त्या कोऱ्या वाऱ्यात बसून त्याला गंमत वाटली की ज्या साली आपलं नाक गेलं त्याच साली संगणकाला नाक आलं. जणू वर कुणीतरी बदली केली. पण ती बदली असती तरी एवढं वाईट वाटलं नसतं. आपलं नाक दुसऱ्या कुणाकडं न जाता आपल्याच लेकीच्या डबीत गेलं, असं समजलं तर? तो स्वतःशी हसला. शेजारच्या माणसानं पेटीत काय आहे विचारलं. अत्तर, तो म्हणाला. तरीच मघापासून लई गोड वास यायलाय, तो माणूस म्हणाला, आणि जिलानीला हेवा वाटला.

मशीन बघून तो जरा निराश झाला. त्याला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. टिफिनच्या डब्याएवढा डबा, बाजूला नळी, आत बारका पंखा घरघरत होता. आतल्या नखाएवढ्या चकत्यांवर हवा गेली की प्रत्येक चकतीला ती वेगळी झोंबते, मुबश्शिरानं समजावलं, आणि ते झोंबणं पडद्यावर रेघा होऊन येतं. लाल, हिरवी, निळी, पिवळी. तिच्याबरोबर मन्मथ सर होते, निलंग्याकडचे, पस्तिशीतले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. जिलानी बोलेल ते टाइप करायचं काम त्यांच्याकडं होतं. जिलानीनं फाये स्वतः भिजवले, ताटलीत ओळीनं मांडले, ओळ मनात पक्की केली, आणि पहिला फाया उचलून डोळे मिटले.

नाकात काही आलं नाही. पण डोळ्यांमागं आलं. त्याला वाटलं होतं, पाठ केलेलं बोलावं लागेल. तसं झालं नाही. गुलाब आधी सलाम करतो, तो म्हणाला, मग आत येतो, परवानगी घेऊन. केवडा दार ढकलून येतो. हिना म्हणजे उन्हात टाकलेली गोधडी संध्याकाळी आत आणली आणि तोंडावर घेतली. खस म्हणजे माठाच्या बुडाला गाल लावला. मोगरा लाइट गेल्यावर जास्त दिसतो. दिसतो म्हणजे, सर, मन्मथ सरांनी टाइप करता करता विचारलं. जिलानी म्हणाला, तसंच लिहा, मशीनला समजंल कधीतरी. मुबश्शिरा खुर्ची उलटी करून बसली होती आणि लहानपणी ऐकायची तशी तोंड अर्धवट उघडं टाकून ऐकत होती. बोलता बोलता जिलानी विसरला की त्याला वास येत नाही. सगळे वास होते. कुणी नेलेच नव्हते. नाकाचा दरवाजा बंद झाला होता एवढंच, आत घरात सगळं जागच्या जागी होतं, वडिलांचं बोट, दुकानाची थंड फरशी, शहजादी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्या हातावर लावलेली हिना. इतक्या महिन्यांत त्याला इतकं भरल्यासारखं वाटलं नव्हतं. त्यानं दुपारचं जेवण पोटभर केलं, रबर असून.

जेवणानंतर ते परत बसले. आता मशीनची परीक्षा होती: जिलानी नाव सांगणार, मशीनही सांगणार, दोघांचं जुळतं का बघायचं. तीन वेळा जुळलं. चौथा फाया नळीला लावून मन्मथ सरांनी त्याच्या हातात दिला. जिलानीनं डोळे मिटले, थांबला, आणि म्हणाला, "खस." पडद्यावर रेघा वर गेल्या, वाकल्या, आणि खाली अक्षरं आली: मोगरा. मन्मथ सरांनी जीभ चावली. मुबश्शिरा पुढं झुकली. जिलानीनं ताटलीकडं पाहिलं आणि त्याला कळलं. खसचा हिरवट फाया अजून ताटलीतच होता; जेवताना कुणाच्या तरी हातून शेवटच्या दोन फायांची जागा बदलली होती.

ते दोघं लगेच बोलायला लागले, एकमेकांत, त्याच्या डोक्यावरून. आतली एखादी चकती बिघडली असेल. सकाळचं शिकवलेलंच चुकीचं गेलं असेल. चार वर्षांचं काम आहे, मन्मथ सर म्हणाले, पण प्रदर्शन तोंडावर आहे, असं मशीन ठेवता येणार नाही. मुबश्शिरानं थोडा विचार केला आणि म्हणाली, अब्बांचं नाक चुकत नाही, मशीनचं सगळं पुसून टाका, पुन्हा पहिल्यापासून शिकवू. मन्मथ सरांनी हात कीबोर्डकडं नेला. जिलानी तो हात बघत होता. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यात तर त्याचं आयुष्य गेलं होतं. कुणाला कधी कळलं नसतं. मशीन खोटं शिकलं असतं, मोगऱ्याला खस म्हणायला लागलं असतं, आणि तो इज्जतीनं नांदेडला परतला असता. पण ती डबी समोर घरघरत होती, बिचारी, खरं बोलून गप्प बसलेली, मोठ्यांनी खोटं पाडलेल्या लेकरासारखी. तिच्याबद्दल त्याला एकदम माया आली.

"थांबा," तो म्हणाला. "मशीन बरोबर हाय. मीच चुकलो."

मन्मथ सर हसले, म्हणाले, सर, तुम्ही कसे चुकाल. जिलानीनं मान हलवली. "मला वास येत न्हाई," तो म्हणाला, आणि हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर इतकं लहान होतं की त्यालाच आश्चर्य वाटलं. एवढ्याशा वाक्याला आपण एवढे महिने छातीवर ठेवून होतो. मन्मथ सर उठले, चहाचं बघतो म्हणाले आणि बाहेर गेले. मुबश्शिरानं खुर्ची जवळ ओढली. तिनं फाया त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः हुंगला.

"मोगराच है," ती म्हणाली. मग फाया ताटलीत ठेवत, "कबसे, अब्बा?"

"दिवालीसे."

तिच्या डोळ्यांत पाणी येईल आणि ते आपल्याला बघावं लागेल, याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. पण ती वेगळ्याच गोष्टीवर अडकली होती. म्हणजे सकाळी तुम्ही जे सगळं सांगितलं, गुलाब सलाम करतो, गोधडी, माठ, ते वास न घेता सांगितलं? तो हो म्हणाला. एकही चुकलं नाही, ती म्हणाली, मशीननं प्रत्येक वेळी वेगळी रेघ काढली आणि तुम्ही प्रत्येक वेळी वेगळं बोललात. तिनं हे असं म्हटलं, जणू त्यानं काहीतरी मोठी गोष्ट केली होती. मग तिला आठवलं, अम्मीला माहीत आहे का. नाही, तो म्हणाला, तिला कळू देऊ नको. पण तोवर मुबश्शिरानं फोन लावला होता आणि शहजादीचा आवाज खोलीत आला, मागं कुकरच्या शिट्टीसकट. मुबश्शिरानं अडखळत सांगितलं. पलीकडं शहजादीनं आधी कुकर बंद केला.

"मेरेकू कबका मालूम," शहजादी म्हणाली. "जले दूध की चाय पिये, मूं तक नै बिगाडे. उसीच दिन समजी."

जिलानीनं फोन हातात घेतला आणि विचारलं, मग आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, तुम्ही कुठं बोललात. आणि मग, जरा खालच्या आवाजात, म्हणाली की तेव्हापासून ती मसाला जरा जास्तच टाकत होती, जिभेला तरी काही कळावं म्हणून. जिलानीला गेल्या काही महिन्यांतलं तिखट आठवलं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि तो हसायला लागला. मुबश्शिराही हसायला लागली. मन्मथ सर चहा घेऊन दारात उभे राहिले आणि आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर डबी, शेजारी शिश्या, मागं जिलानी, अंगात धुतलेली शेरवानी. मुबश्शिरानं त्याला थांबायचा आग्रह केला होता. लोकांना काय सांगायचं, त्यानं विचारलं होतं. खरं, ती म्हणाली होती. म्हणून तो प्रत्येकाला आधी तेच सांगत होता: माझं नाक गेलं, आता नाक ह्या मशीनचं, मी फक्त ह्याच्या वतीनं बोलायलोय. लोक हसायचे आणि मग थांबायचे. शेजारच्या टेबलांवर उद्याचे संगणक होते, पिकाशी बोलणारे, हात नसताना लिहिणारे, झोपेतली स्वप्नं पडद्यावर आणू म्हणणारे. जिलानीला ते सगळे आवडले. आजवर संगणक म्हणजे आपलं काहीतरी घेऊन जाणारी वस्तू असं त्याच्या मनात बसलं होतं. इथं ही पोरं त्याच्याकडून मागत होती, हे दे, ते दे, लाजत नव्हती. त्यालाही मग मागावंसं वाटायला लागलं. कुणी विचारलं, चाचा, ह्यो अजून काय काय करंल, की त्याचं तोंड सुरू व्हायचं. तुमचा मुलगा दुबईला असंल, तो फोन उघडंल आणि फोनमधून घरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास येईल. डॉक्टर नुसता श्वास सोडायला सांगंल आणि मशीन म्हनंल, साखर वाढायली. गॅस गळंल तर घर रिकामं असलं तरी ते शेजाऱ्याला हाक मारंल. सगळ्यात आधी, तो म्हणायचा, ते माझ्यासारख्याला सांगंल की बाबा, तुझ्या अंगाला वास येत न्हाई, बिनधास्त बस. यावर सगळ्यात जास्त हसू यायचं, आणि ते हसू त्याला उबदार लागायचं.

दुपार कलताना एक म्हातारी आली, उदगीरकडची, गौरम्मा नावाची, नातवाचं टेबल बघायला आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, डबीला बोट लावून बघितलं. तिची पणती मुंबईला जन्मली होती आणि महिनाभर तिच्या मांडीवर राहून परत गेली होती. "तिच्या टाळूचा वास ह्याच्यात भरून ठेवता येतो का गा?" तिनं विचारलं. "तेल आन् दूध मिळून येतो तसला. लेकरू मोठं झाल्यावर तो जातो की."

मुबश्शिरा काही बोलायला गेली. डबी वास ओळखते, अजून साठवत नाही, परत देत नाही, हे तिला सांगायचं होतं. जिलानीला ते माहीत होतं. पण त्याच्या डोळ्यांमागं तो वास आला होता, मुबश्शिराच्या टाळूचा, इतक्या वर्षांपूर्वीचा, इतका जवळ की त्याला हात पुढं करावासा वाटला. "येईल," तो म्हणाला.

"अब्बा," मुबश्शिरा हळू म्हणाली, "ते अजून कुणालाच जमलं नाही."

"विषय उद्याचा हाय ना?" जिलानी म्हणाला. आणि गौरम्माकडं वळून सांगितलं, आज न्हाई, पण ही पोरगी करंल, हिच्या पोरी करतील. गौरम्मानं मान डोलावली, जशी बाजारात एखादी वस्तू पुढच्या आठवड्यात येणार म्हटल्यावर माणूस डोलावतो. मुबश्शिरा बापाकडं बघत होती. मग तिनं मन्मथ सरांना विचारलं, परत द्यायचं झालं तर कुठून सुरुवात करावी लागेल, आणि ते दोघं गर्दीतच उभ्या उभ्या बोलायला लागले, हातवारे करत. जिलानीला त्यातलं काही कळलं नाही. त्याला वाटलं, आपण आयुष्यात खूप अत्तरं विकली, पण एखादी गोष्ट अशी पेटताना पहिल्यांदाच पाहतोय.

दुसऱ्या दिवशी मुबश्शिरानं त्याला लातूरच्या नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, नस रुसलीय, मेलेली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी हुंगायचं, हुंगताना तो वास मनात आणायचा. परत येईल, कदाचित नाही येणार, पण बोलवत राहायचं. मनात आणायचं म्हटल्यावर जिलानीला हसू आलं. ते तर त्याला येत होतं. घरी शहजादीनं हे काम अंगावर घेतलं. त्याला डोळे मिटायला लावायची, नाकाखाली काहीतरी धरायची आणि ओळखा म्हणायची, आणि तो अंदाजानं काहीही सांगायचा, आणि ती कधी लिंबाच्या जागी साबण धरायची, कधी नुसता हात. दुकानात त्यानं शिश्यांवर ठळक चिठ्ठ्या चिकटवल्या. कुणी विचारलं की सांगून टाकायचा. गिऱ्हाईक कमी होईल असं वाटलं होतं. उलट लोक थांबायला लागले, स्वतः हुंगून त्याला सांगायला लागले की हे त्यांना कसं लागतं, आणि तो ते फोनवर बोलून मुबश्शिराला पाठवायला लागला, मशीनसाठी. अमृतरावांनी तर खस हुंगून एवढं मोठं वर्णन केलं की त्यांची कंधारची गाडी चुकली. उन्हाळा संपला, पावसाळा मधोमध आला. नाकात काही आलं नाही. पण आता तो वाट बघत होता, लपवत नव्हता, आणि वाट बघण्याला एक वेगळी झोप असते.

भाद्रपदात तो पुन्हा लातूरला निघाला. मुबश्शिरानं बोलावलं होतं. नव्या डबीनं म्हणे हिना आणि तिच्यासारखंच मसालेदार शमामा अत्तर यांतला फरक ओळखला होता, जो भल्याभल्यांना ओळखता येत नाही. गाडी अहमदपूरला थांबली. कंडक्टर चहा प्यायला उतरला, लोक पाय मोकळे करायला उतरले, जिलानीही उतरला आणि लघवीला म्हणून स्टँडच्या मागच्या बाजूला गेला. माणसं नाकाला रुमाल लावून आत जात होती आणि तशीच बाहेर येत होती. तो सवयीनं नुसता चालत होता. दोन पावलं आधी काहीतरी त्याच्या कपाळाच्या आत टोचलं. तो थांबला. मुंग्या आल्यासारखं, झिणझिणल्यासारखं, आणि मग एक धारदार, घाणेरडं, खारट काहीतरी नाकातून थेट डोक्यात शिरलं आणि डोळ्यांतून पाणी काढून गेलं. त्याला क्षणभर कळेना की हे काय आहे, इतकं ते जुनं होतं. मग कळलं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला आणि आणखी एक श्वास घेतला, खोल, छाती भरून. होतं. मुतारी होती, तिच्यावर ओतलेलं फिनेल होतं, फिनेलच्या खाली ओला चुना होता. त्यानं श्वास सोडला आणि वास जाईल या भीतीनं लगेच दुसरा घेतला. एका माणसानं रुमालाआडून त्याला विचारलं, काका, चक्कर यायली का. जिलानीनं मान हलवली. वास यायलाय, तो म्हणाला. तो माणूस म्हणाला, येणारच की, कव्हा धुतलंय कुनी, आणि घाईनं निघून गेला.

तिकडं कंडक्टरनं बेल दिली. गाडी मागं सरकली, वळली आणि लातूरच्या रस्त्याला लागली, जिलानीनं ती जाताना पाहिली. तिच्या मागं धूर सुटला होता आणि काही वेळानं, फार पातळ, फार लांबून, तोही पोचला. डिझेल. त्यानं फोन काढला. मुबश्शिरा वर्गात होती, तरी तिनं उचलला, हळू आवाजात विचारलं, काय झालं, अब्बा, कुठं आहात.

"अहमदपूरला. बास आया, बेटा, वास!"

मग ती म्हणाली, "कायका?"

त्यानं सांगितलं. ती हसली, मोठ्यानं, सगळ्या वर्गासमोर, आणि हसतानाच तिचा आवाज ओला झाला. वर्गातल्या पोरांनी विचारलं असावं, कारण तिनं त्यांना काहीतरी सांगितलं आणि फोनमधून पन्नासेक पोरांनी एकदम टाळ्या वाजवल्याचा आवाज आला, अहमदपूरच्या मुतारीला. पुढच्या गाडीला अजून वेळ होता. जिलानीनं फोन खिशात ठेवला, डोळे पुसले, आणि रुमाल नाकाशी न नेता घडी घालून परत आत ठेवला. मग तो त्या भिंतीकडं पुन्हा चालत गेला.